भाच्याचा एडीएचडी आणि 'हे कोणाच्या घराण्यातून आलं' यावरून पेटलेलं घर

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

विषय माझ्या भाच्याचा. वय चौदा, नववीत आहे, देवगड तालुक्यातलं गाव. दादा मुंबईला नोकरीला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. वहिनी, आई-बाबा आणि दोन मुलं गावी. पोरगा हुशार आहे, हे शाळाही नाकारत नाही. पण उघडलेल्या वहीचं पान कधी पुरं होत नाही. कंपासपेटी दर महिन्याला नवी. येत असलेले प्रश्न पेपरात सोडून येतो आणि घरी आल्यावर धडाधड उत्तरं सांगतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ह्याचं उत्तर तयार. लहानपणी सदानकदा माडावर नाहीतर कौलांवर असायचा. आता ते हुंदडणं कमी झालंय, पण जेवायला बसला तरी एक पाय हलतच असतो.

शाळेच्या चिठ्ठ्या येऊन येऊन शेवटी वहिनीने त्याला रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी घरच्यांकडून आणि वर्गशिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, कान, डोळे, थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासून घेतलं आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा विकार, आहे म्हणून सांगितलं. इथपर्यंत ठीक. पण बोलता बोलता ते म्हणाले, "यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो." झालं! तेवढं एकच वाक्य सगळ्यांनी धरून ठेवलंय. आई म्हणते, आमच्या सात पिढ्यांत असं कोणी नव्हतं, हे वहिनीच्या माहेरचं. वहिनीचा भाऊ दहावीला दोनदा बसला होता, हा पुरावा. बाबांच्या मते सगळा दोष मोबाईलचा. शेजारच्या काकूंनी नारळ ओवाळून टाकायला सांगितला, तोही टाकून झाला. दादा म्हणतो, "मीपण असाच होतो, काय वाईट झालं माझं?"

माझं विचारणं असं: अनुवंशिक म्हणजे नक्की किती? आणि ते रक्तातच असेल तर घर, शाळा, मोबाईल यांनी काही फरक पडतो की नाही? भाची एकवीस वर्षांची आहे, तिच्यासाठी स्थळं बघायला घेतील. त्यामुळे आईने "बाहेर कुठे बोलायचं नाही" असा दम भरलाय. म्हणून इथे टोपणनावाने.

आंबेवाला_अण्णा

आमच्या वेळी असले आजार नव्हते. पहाटे उठून गुरं सोडायची, विहिरीवरून पाणी आणायचं, मग चार मैल चालत शाळा. एक महिना माझ्या बागेत पाठवा, लक्ष कसं लागत नाही बघतो.

अबोली

अण्णा, तुमच्या वेळी अशी मुलं चौथीत शाळा सोडून मुंबईला गिरणीत किंवा होडीवर जायची, म्हणून वर्गात दिसत नव्हती. आजार नवा नाही. वायकार्ड नावाच्या जर्मन डॉक्टरने १७७५ साली अशा माणसांचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनला त्यावर व्याख्यानं दिली. तेव्हा मोबाईल नव्हते.

डॉ_खाडीकाठ

सुरंगीताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न पाहिलेल्या मुलाबद्दल मत देणार नाही, पण तुमचा पहिला प्रश्न इतक्यांदा येतो की सविस्तर लिहितो.

जुळ्या भावंडांवर जगभर खूप अभ्यास झालेत. एकाच बीजातून झालेली जुळी आणि दोन बीजांतून झालेली जुळी यांची तुलना करून हिशोब मांडतात. त्या सगळ्यांतून निघणाऱ्या अनुवंशिकतेची सरासरी ७४ टक्क्यांच्या आसपास येते. आता हा आकडा ऐकला की लोकांना वाटतं, पोराचा पाऊण भाग रक्ताचा आणि पाव भाग घराचा. तसं अजिबात नाही.

समजा सड्यावर शंभर हापूसची कलमं आहेत, सगळी एकाच झाडाच्या काड्यांची. जनुकं सगळ्यांची तीच. तरी एक झाड पाच पेट्या देतं आणि दुसरं दोन. हा फरक मातीचा, पाण्याचा, वाऱ्याचा. म्हणजे त्या बागेत उत्पन्नाची अनुवंशिकता शून्य. आता बाठे रुजवून वाढवलेली शंभर रायवळ झाडं घ्या, सगळ्यांना एकच माती, एकच खतपाणी. इथे जो फरक दिसेल तो जवळपास सगळा जनुकांचा, अनुवंशिकता शंभराच्या घरात. म्हणजे हा आकडा कुठल्या एका झाडाचा नसतोच, त्या बागेतल्या झाडाझाडांमधल्या फरकाचा असतो. आणि रायवळाच्या त्या बागेचं पाणी तोडलंत, तर अनुवंशिकता शंभर टक्के असूनही सगळी झाडं खंगणार. 'अनुवंशिक आहे' याचा अर्थ 'काही करता येत नाही' असा होत नाही तो यामुळे.

दुसरी गोष्ट, एडीएचडीचं म्हणून एक जनुक नाही. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी संबंधित दोन-चार जनुकांचा पूर्वी फार बोलबाला होता, पण त्यांचा परिणाम अगदी थोडा निघाला. २०१९ साली अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून वीस हजारांवर रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला, तेव्हा गुणसूत्रांवर एडीएचडीशी संबंध असलेल्या १२ जागा सापडल्या. २०२३ मध्ये रुग्णांची संख्या जवळपास दुप्पट झाल्यावर २७. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर, आणि अशा हजारो जागा असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या काही तुमच्यात आहेत, काही माझ्यात, काही अण्णांच्यातही. मुलाला निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. तेव्हा 'कोणाच्या घराण्यातून' याचं उत्तर दोन्ही घराण्यांतून हेच आहे, आणि मामाच्या दहावीच्या निकालाने काहीही सिद्ध होत नाही.

आंबेवाला_अण्णा

डॉक्टर, बाकी ठीक, पण कलमाचा खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधतात तो, रायवळाचाच असतो. तो प्रत्येकाचा वेगळा. त्याने पण फरक पडतो.

डॉ_खाडीकाठ

अण्णा, बागायतदारापुढे आंब्याचं बोललो की हे होणारच. खुंटही एकसारखे धरा, म्हणजे हिशोब बसतो.

अबोली

डॉक्टर, एक विचारायचं होतं. घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवा, मुलाची 'लक्ष जनुकं' सांगतो, अशा जाहिराती येतात. आणि आमच्या शाळेत तर एक माणूस मुलांच्या बोटांचे ठसे घ्यायला आला होता. ठशांवरून मेंदूचा कल कळतो म्हणे, वर अहवालाचे काही हजार रुपये.

डॉ_खाडीकाठ

दोन्हीसाठी पैसे घालवू नका. बोटांच्या ठशांना कसलाही शास्त्रीय आधार नाही. अशा सगळ्या जागांची बेरीज करून काढलेल्या जनुकीय गुणांकाचं संशोधन खरं आहे, पण ते हजारो लोकांच्या गटाबद्दल काहीतरी सांगतं. एका मुलाचं निदान त्यातून होत नाही. रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटो नाही. निदान होतं ते इतिहास विचारून. बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं होती का, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, सहा महिन्यांवर टिकून आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्यांनी मुलाचं नुकसान होतंय का. तुमच्या डॉक्टरांनी कान, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघितलं हे उत्तम केलं. झोपेत घोरणारं, टॉन्सिल वाढलेलं मूलही दिवसा असंच वागतं. काही मुलांना क्षणभर तंद्री लागल्यासारखी फिट येते, तीही 'लक्ष नाही' म्हणून वर्षानुवर्षं खपून जाते.

दादरचा_चाकरमानी

एवढं सगळं लिहिलंत, पण मोबाईलवर कोणी बोललं नाही. माझ्या मुलाचा फोन काढून घेतला, आठवड्यात सुधारला. जनुकं वगैरे नंतर बघा, आधी रिचार्ज बंद करा.

डॉ_खाडीकाठ

मोबाईलचं आहे ते सांगतो. लॉस एंजेलिसच्या दहा शाळांतल्या १५-१६ वर्षांच्या अडीच हजारांवर मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला, २०१८ मध्ये तो छापून आला. सुरुवातीला लक्षणं नसलेलीच मुलं घेतली होती. पडद्यावरच्या कुठल्याच गोष्टीचा अति वापर न करणाऱ्यांत पुढे लक्षणं दिसली साडेचार टक्क्यांच्या आसपास मुलांत, आणि सात गोष्टींचा अति वापर करणाऱ्यांत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे संबंध आहे. पण उलट बाजूने बघा: इतका वापर करूनही नव्वद टक्के मुलांत लक्षणं आली नाहीत. शिवाय आधीच ज्याचं मन पटकन कंटाळतं तो मोबाईलकडे जास्त ओढला जातो, हेही त्यात मिसळलेलं असतं. रात्रीचा फोन झोप खातो आणि झोप गेली की लक्ष जातं, एवढं मात्र मी पालकांना ठासून सांगतो. तुमच्या मुलाला आठवड्यात फरक पडला याचा आनंद आहे, बहुधा तो नीट झोपायला लागला असेल.

वैभववाडीची_माई

गोड बंद करून बघा गो. आमच्याकडे गणपतीत मोदक, करंज्या झाल्या की पोरं अंगात आल्यासारखी नाचतात.

अबोली

माई, तेवढं गोड राहू द्या त्याला. यावर १९९४ साली एक मजेदार प्रयोग झालाय. काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखर दिलीय. प्रत्यक्षात कोणालाच साखर दिली नव्हती, सगळ्यांना साखरेऐवजी दुसरं गोडवा आणणारं दिलं होतं. तरी साखर दिलीय असं वाटणाऱ्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्या मुलांना जास्त टोकायलाही लागल्या. गणपतीत मुलं नाचतात ती आरत्या, जागरण आणि घरात जमलेली पंधरा चुलत-मावस भावंडं यांच्यामुळे.

जुनामास्तर

मी निवृत्त शिक्षक, हायस्कूलला विज्ञान शिकवलं. माझा मुद्दा शाळेचा. आपला कोकण बोर्ड दहावीला दरवर्षी राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के. अभिमान आहेच. पण या अभिमानाचा भार कोणावर पडतो ते मी बघितलंय. शंभर टक्के निकाल लावायचा म्हटलं की नववीतल्या अशा मुलाकडे शाळा 'निकाल पाडणारा' म्हणून बघायला लागते. मग चिठ्ठ्या, पालकांना बोलावणं, शेवटच्या बाकावर रवानगी. खरं तर त्याची जागा पहिल्या बाकावर, खिडकी आणि दारापासून लांब.

आणखी एक. मुलाचा जन्म कुठल्या महिन्यातला? कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये ३१ डिसेंबर ही प्रवेशाची मर्यादा. तिथे डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचा शिक्का ३० टक्के जास्त लागला, मुलींना ७० टक्के. हे २०१२ ला प्रसिद्ध झालंय. अकरा महिन्यांनी लहान असलेलं मूल अकरा महिन्यांनी लहान वागणार, त्यात जनुकांचा काय दोष? आपल्याकडे तर 'एक वर्ष वाचेल' म्हणून जन्मतारीख पुढे-मागे करून लवकर पहिलीत घालायची जुनी खोड.

सुरंगी (धागाकर्ती)

मास्तर, जन्म जुलैचा, वर्गात मधल्या वयाचा आहे. आणि आता बसतो शेवटच्याच बाकावर.

पागवाला

मी मालवणचो. मराठी वाचूक येता, लिवूक तितक्यासा जमणा नाय, म्हणान मालवणीत लिवतंय. माझो झील पण असोच. मास्तर म्हणायचे, ह्येच्या बुडाक भिंगरी लागली हा. धावी काय झाली नाय. आता ट्रॉलरार जाता. दर्यात गेलो की रातभर डोळो मिटणा नाय, जाळा खय टाकूचा ता तांडेलाच्या आधी ह्येका कळता. पण घराक इलो की पैशे खय ठेवले, लायसन खय ठेवला, कायएक म्हायत नसता. गाडयेवरसून दोनदा पडलो. आता माका सांगा डाक्टर, ह्यो आजार की सभाव? तेचो चार वर्साचो पोरगो पण तसोच भिरभिरता.

डॉ_खाडीकाठ

पागवाले भाऊ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत अवघड. ही लक्षणं कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतात. कुठून पुढे आजार म्हणायचा ती रेघ डॉक्टरांनीच आखलेली आहे. जगभर साधारण पाच टक्के मुलं त्या रेघेपलीकडे जातात, मोठ्यांत अडीच टक्क्यांच्या आसपास. तुमच्या मुलाला दर्यावर अडचण नाही, उलट तिथे क्षणाक्षणाला काहीतरी घडत असतं आणि त्याचं मन तिथे लागतं. ज्यात रस आहे त्यात तासन्‌तास गुंतणं आणि कंटाळवाण्या कामात पाच मिनिटंही न टिकणं, हे अशा माणसांत नेहमी दिसतं. त्यामुळे 'मोबाईलवर दोन तास बसतो, मग अभ्यासालाच काय होतं' हा सवाल पालकांनी सोडून द्यावा.

पण गाडीवरून दोनदा पडला, हे हसण्यावारी नेऊ नका. अपघातांचं प्रमाण या लोकांत खरोखर जास्त असतं. त्यासाठी तरी त्याने एकदा भेटावं. नातू चारच वर्षांचा आहे, त्या वयात भिरभिरणं हेच काम असतं. त्याच्यावर आत्ताच शिक्का नको. बापाचं आहे म्हणून नजर ठेवा, इतकंच.

काजूबी

पागवाल्यांची पोस्ट वाचून एक आठवलं. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या काही ठिकाणी अजून घरीच ओततात, चुलीवर शिसं वितळवून. आमच्या आजोळी परसातच चालायचं. आजोबा लोखंडी पळीत शिसं घ्यायचे, वर राखाडी साय धरायची ती काठीने बाजूला सारायची आणि खाली चकाकणारं शिसं साच्यात ओतायचं. आम्ही पोरं उकिडवी बसून बघायचो, थंड झालेल्या गोळ्या खेळायला घ्यायचो, आणि त्याच हाताने फणसाचे गरे. शिशाचा आणि लक्षाचा संबंध आहे ना?

डॉ_खाडीकाठ

आहे, आणि चांगला भक्कम आहे. मुलांच्या रक्तातलं शिसं वाढलं की बुद्धी आणि लक्ष दोन्हींवर परिणाम होतो, अगदी कमी पातळीलासुद्धा. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, रंगातल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण परसातली चूल कोणाच्या नियमात येत नाही. शिसं वितळवायचं तर मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत, ती राख अंगणात टाकायची नाही, आणि गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

बागायतीची फवारणीही यातच येते. अमेरिकेत ८ ते १५ वर्षांच्या अकराशेवर मुलांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले होते (२०१०). अंश जास्त, तिथे एडीएचडीही जास्त, असं आढळलं. कारण-परिणाम त्याने सिद्ध होत नाही, पण काळजी घ्यायला तेवढं पुरे. अण्णा, तुमच्याकडे फवारणीच्या दिवसांत राखणदारांच्या कुटुंबातली मुलं कुठे असतात?

आंबेवाला_अण्णा

मांगरातच असतात. बागेतच. याचा विचार केला नव्हता. नेपाळहून येतात बिचारे, पोरंबाळं घेऊन, त्यांना दुसरी जागा कुठली? मोहोराच्या वेळी फवारणी चालू असली की दोन दिवस माझ्या पडवीत आणून ठेवता येतील.

वेंगुर्ल्याची_लेक

सगळे झील, भाचा, मुलगा असंच बोलताय, म्हणून लिहिते. माझी मुलगी बारावीला असताना कळलं. ती कधी वर्गात उठली नाही, कोणाला त्रास दिला नाही. नुसती बाकावर बसून बाहेर बघायची. बाई म्हणायच्या, 'गरीब गाय आहे.' घरी अर्ध्या तासाच्या अभ्यासाला रात्रीचे बारा. शेवटी रडारड, 'मी मठ्ठ आहे.' मुलांची संख्या मुलींपेक्षा दुप्पट-तिप्पट सांगतात, पण अशा किती मुली बाकावर बसून राहिल्या असतील कोण जाणे. सुरंगीताई, तुमच्या भाचीकडेही एकदा त्या नजरेने बघा. स्थळाच्या भीतीने नव्हे, तिच्यासाठी.

सुरंगी (धागाकर्ती)

ताई, हे वाचून खरंच थबकले. ती शांत आहे, कामसू आहे, तिच्याबद्दल तसं काही वाटत नाही. पण विचारीन तिला, एकटी असताना.

डॉक्टर, आता मुख्य. वहिनी दिवसभर त्याच्यामागे ओरडत असते. आई म्हणते, तिच्या ओरडण्यानेच तो असा झाला. यात तथ्य आहे का?

डॉ_खाडीकाठ

यासाठीच खरं तर हा धागा हवा होता.

आई चिडचिडी आणि मूल चंचल असं घरोघरी दिसतं. पण आधी काय? सख्ख्या घरात हे सोडवता येत नाही, कारण आईने मुलाला घरही दिलेलं असतं आणि जनुकंही. म्हणून संशोधकांनी जन्मतःच दत्तक गेलेली मुलं बघितली. तिथे वाढवणाऱ्या आईचं आणि मुलाचं रक्ताचं नातं नाही. तरीही, जन्मदात्या आईत ही लक्षणं जास्त असली तर मूल जास्त उतावळं निघालं, आणि त्या उतावळेपणाने वाढवणारी आई जास्त कठोर होत गेली. पुढे त्या कठोरपणाने मुलाची लक्षणं आणखी वाढली. म्हणजे ओरडणं मुलाने ओढवून घेतलं, पण ते फुकट गेलं नाही, उलटून त्यालाच लागलं. जनुकं आणि घर वेगळे काढता येत नाहीत ते असे. तुमच्या आई अर्ध्या बरोबर आहेत, फक्त त्यांनी गोष्ट मधूनच सुरू केलीय.

परिस्थिती किती बिघडवू शकते त्याचं टोकाचं उदाहरण रुमानियाचं. १९९० च्या सुमारास तिथल्या अनाथालयांतून काही मुलं इंग्लंडमध्ये दत्तक गेली. सहा महिन्यांहून जास्त काळ ज्यांनी तिथे हाल काढले, त्यांच्यातल्या पुष्कळांत ही लक्षणं चांगल्या घरात वाढूनसुद्धा मोठेपणापर्यंत राहिली. आपल्या घरांत असलं काही नसतं. पण गरिबीचा संबंध अनेक देशांत दिसलाय. कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण साधारण दुप्पट सापडतं. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ हेही एक कारण. घराघरातला ताण हे एक.

आता तुमच्या घराचं. बाप मुंबईत. शेती, म्हातारी माणसं, गुरं, शाळेच्या चिठ्ठ्या, सगळं एका बाईवर. आणि वर ठपकाही तिच्यावरच. अशा मुलाला लागतं काय, तर रोज त्याच वेळेला तीच गोष्ट, लहान लहान सूचना, चुकलं की लगेच आणि छोटी शिक्षा, जमलं की लगेच शाबासकी. हे दमलेल्या माणसाला जमत नाही. वहिनीचा भार हलका करणं हा उपचाराचाच भाग समजा. आईंना सांगा, संध्याकाळचा एक तास गुरं आणि चूल तुम्ही बघा.

दादरचा_चाकरमानी

डॉक्टर, हे आम्हाला लागलं. पण काय करणार, गावात नोकऱ्या असत्या तर कोण खुशीने डबल शिफ्ट करतंय.

डॉ_खाडीकाठ

ठपका तुमच्यावरही नाही. रोज रात्री ठरलेल्या वेळेला दहा मिनिटं फोन, त्यात मार्कांचा विषय नाही, एवढं मुंबईतूनही होतं.

सुरंगी (धागाकर्ती)

दोन आठवडे लिहायला जमलं नाही. दादाला या धाग्याची लिंक पाठवली होती, त्याने सगळा वाचला. मग रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं, "मी लहानपणी कसा होतो ते खरं सांग." आईने आधी आढेवेढे घेतले, मग सुरू झाली ती थांबेना. पाटी रोज हरवायचास, दळणाला पाठवलं तर पीठ गिरणीतच ठेवून आलास, आंब्याच्या पेट्या मोजायला बसवलं तर दर वेळी वेगळा आकडा. बाबांनी ट्रंकेतून त्याचं सातवीचं प्रगतिपुस्तक काढलं. त्यावर शेरा: 'बुद्धी आहे, स्थैर्य नाही.' वहिनी पहिल्यांदा हसली. आई गप्प. पण मामाचं नाव त्यानंतर निघालेलं नाही.

आता दादा विचारतोय, मलाही आहे का? पस्तीस वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या, बिलं भरायची राहतात, तरी संसार चाललाय.

आणि गोळ्यांचं काय? डॉक्टरांनी सुचवल्यात, आई घाबरलीय. वेड्यांची गोळी म्हणते.

डॉ_खाडीकाठ

दादांनी स्वतःसाठी वेगळी तपासणी करून घ्यावी, मुलाच्याच भेटीत उरकू नये. जवळच्या रक्ताच्या नात्यात याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, त्यामुळे मुलाचं निदान झाल्यावर बापाला स्वतःचं उमगणं हे आमच्याकडे नेहमीचं. 'मी असाच होतो, झालं ना बरं' यात दिलासा असतो, पण बरं होताना काय काय सोसलं ते माणूस विसरलेला असतो.

गोळ्या. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध. अमेरिकेत १९५५ पासून आहे, म्हणजे नवं नाही. ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी परिणाम दिसतो. भूक मंदावते, काहींची झोप लांबते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब अधूनमधून बघावे लागतात. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं: चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदार ठेवून घेतो. त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते ठेवत नाहीत. महिन्याची सोय आधी करून ठेवा. ते चालत नसेल तर अॅटोमॉक्सेटिन आहे, त्याला गुण यायला काही आठवडे लागतात.

नुसती गोळी पुरते का? अमेरिकेत ५७९ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांनी मूळ लक्षणांवर औषधाचा गुण नुसत्या वर्तन-प्रशिक्षणापेक्षा जास्त होता. तीन वर्षांनी मात्र गटांमधला फरक उरला नाही. माझा अनुभव असा की गोळी मुलाला दोन-तीन वर्षांची उसंत देते. त्या उसंतीत सवयी लावल्या तर टिकतात. मेंदूची वाढही या मुलांत थांबलेली नसते, उशिरा होते. २००७ च्या एका अभ्यासात मेंदूच्या बाहेरच्या थराची कमाल जाडी इतर मुलांत साडेसातव्या वर्षी आली, यांच्यात साडेदहाव्या.

आणि ही वेड्यांची गोळी नव्हे. आईंना एकदा तुमच्या डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, समोरासमोर बोललं की भीती जाते.

जुनामास्तर

शाळेचं मी सांगतो. मुख्याध्यापकांना निदानाची प्रत आणि साधा अर्ज द्या: पहिला बाक, गृहपाठाचे तुकडे, तोंडी उत्तराची मुभा, पेपर देताना 'सगळे प्रश्न बघितलेस का' एवढी एक आठवण. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून वाचन-लेखनाचीही अडचण असेल तर तिची तपासणी वेगळी मागून घ्या. बऱ्याच मुलांत दोन्ही असतं आणि बोर्डाच्या सवलती त्या दाखल्यावर मिळतात. ज्यांना रत्नागिरी गाठणं परवडत नाही त्यांच्यासाठी: सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. पथक वजन-उंची बघून निघायच्या आत शिक्षकाने मुलाचं नाव पुढे केलं पाहिजे, नाहीतर शेवटच्या बाकावरचा पोरगा वजनकाट्यावर उभा राहून परत जातो.

पागवाला

डाक्टर, माझो झील येवक तयार नाय. म्हणता, माका काय वेड लागला? फोनार कोण बोलात काय?

अबोली

पागवाले भाऊ, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलतात. होडी किनाऱ्याला लागली की लावू दे त्याला.

सुरंगी (धागाकर्ती)

अर्ज कालच दिला. मुख्याध्यापक म्हणाले, पहिल्या बाकावर बसवतो, पण बाकीच्या पालकांना काय सांगू? दादा शुक्रवारच्या तुतारी एक्स्प्रेसने येतोय, सोमवारी रत्नागिरीला चौघं जाणार: दादा, वहिनी, भाचा आणि आई. आईने स्वतःहून सांगितलं येते म्हणून. डॉक्टरांना तिचे प्रश्न आहेत म्हणे, वहीत लिहून ठेवलेत. मला दाखवत नाहीये.